तिन्हीसांजेचं रडणं

आषाढात जोयडा तालुक्यात दिवेलागण लवकर होते. सूर्य मावळायला अजून तासभर असतो, पण आभाळ इतकं खाली उतरलेलं आणि झाडी इतकी दाट, की सहालाच घरात काळोख शिरतो. त्या दिवसांत माझ्या भावाच्या घरी देवापुढे निरांजन लागलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा. आधी बारीक कुरकुर, मग दुपट्यात पाय झाडणं, आणि पाहता पाहता टिपेचा सूर. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, लेक पाच आठवड्यांची. दिवसभर शहाण्यासारखी झोपणारी, दूध पिऊन आढ्याकडे टकमक बघत पडणारी ही मुलगी संध्याकाळी सहा ते नऊ कुणाचीच नसायची.

घरात निदानांना तोटा नव्हता. माझी आई, म्हणजे बाळाची पणजी, मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. (ती तालुक्याला अजून सुपाच म्हणते. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं रामनगरला येऊन वसली, पण आईच्या तोंडातलं नाव काही बुडालं नाही.) वहिनीचं म्हणणं, पोटात वात धरलाय, बेंबीभोवती हिंग लावा. भावाला वाटायचं दूध पुरत नाही. शेजारीण सांगायची, बाळंतीण तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहिली असणार. भाची काहीच म्हणायची नाही. ती बाळाबरोबर रडायची.

निदानं चार, पण वेळेबद्दल चौघांचंही एकमत होतं. आणि तेवढ्या बाबतीत चौघंही बरोबर होते.

अमेरिकेत टी. बेरी ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी ८० धडधाकट बाळांच्या आयांना रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली आणि १९६२ साली ती छापली. त्यातून दिसलेलं चित्र पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं. दुसऱ्या आठवड्यात बाळ दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडतं. ते वाढत जातं आणि सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांवर पोचतं. मग उतरायला लागतं, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभरावर येतं. यातलं बरंचसं रडणं संध्याकाळी एकवटलेलं. ही सगळी निरोगी, वजन वाढणारी, चारचौघांसारखी बाळं होती हे इथे महत्त्वाचं. पावणेतीन तास ही मधली संख्या आहे, म्हणजे निम्मी बाळं त्याहूनही जास्त रडत होती.

त्याआधी १९५४ मध्ये मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फार रडणारं बाळ’ कुणाला म्हणायचं, याचा तीनचा पाढा घालून दिला होता: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त. डॉक्टर मंडळी ज्याला कॉलिक म्हणतात आणि आपण पोटशूळ, त्याची ही जुनी व्याख्या. ध्यानात ठेवायला सोपी म्हणून ती साठ वर्षं टिकली. पचनाच्या विकारांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१६ साली तो पाढा बाजूला ठेवला, कारण दोन तास पन्नास मिनिटं रडणारं बाळ आणि तीन तास दहा मिनिटं रडणारं बाळ यांत काडीचाही फरक सापडत नव्हता. शिवाय घड्याळ लावून कोण बसतंय?

पोटशूळ हा शब्दच मला थोडा फसवा वाटतो. बाळ पाय पोटाशी घेतं, लाल होतं, मुठी आवळतं, वारा सरतं, म्हणून आपण पोटाला दोष देतो. पण कुठल्याही कारणाने रडणारं तान्हं बाळ असंच दिसतं. भूक लागो, थंडी वाजो, कंटाळा येवो, त्याच्याकडे रडायची दुसरी तऱ्हाच नाही. रडताना ते भरपूर हवा गिळतं आणि ती हवा नंतर खालून सुटते. म्हणजे पुष्कळदा वायूमुळे रडणं नसून रडण्यामुळे वायू असतो. काही बाळांना पोटाचा खरा त्रास असतो, नाही असं नाही, पण ती थोडी.

मग कारण काय? इथे एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं रडणं कधी शिगेला पोचतं, हे पाहिलं गेलं. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ जन्मापासून सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त रडत नाही, ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास रडतं. म्हणजे नऊ महिने पुरे भरून जी तारीख आली असती, तिच्यापासून मोजलं तर सहाव्याच आठवड्यात. त्या जास्तीच्या आठ आठवड्यांत बाळाने दूध प्यायलं, वारा गिळला, सगळ्या गावाची दृष्ट सोसली, तरी रडण्याने आपली तारीख सोडली नाही. ही घडण मेंदूच्या वयाप्रमाणे चालते. दात येण्यासारखं, मान धरण्यासारखं हे एक वय आहे.

संध्याकाळच का, याचं उत्तर इतकं पक्कं नाही. एवढं माहीत आहे की तान्ह्याला दिवस-रात्र कळत नाही. अंधार पडला की शरीरात झोपेचा निरोप नेणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य बाळाच्या अंगात लयीत तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर ते आईच्या रात्रीच्या दुधातून थोडंफार मिळतं. दिवसभर जे पाहिलं, ऐकलं, अंगावर आलं, त्याने शिणलेलं बाळ संध्याकाळी झोपायला जाऊ शकत नाही आणि जागंही राहू शकत नाही, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या घरची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणली की मला तो पटतो. गुरं गोठ्यात येतात, पुरुष शेतावरून येतात, चूल पेटते, धूर होतो, टीव्ही लागतो, वीज जाते, परत येते, आणि जो येतो तो आधी बाळाच्या तोंडावर टॉर्च मारतो.

याच वेळी बाळ अंगावरही सारखं मागतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने, पाच मिनिटं ओढलं की सोडलं, परत रडलं, परत घेतलं. इथेच दूध आटल्याची शंका शिरते आणि वरच्या दुधाची बाटली घरात येते. शंका फेडायला दोन गोष्टी पुरतात. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट लघवीने भिजतात का, आणि काट्यावर वजन दिवसाला २५-३० ग्रॅमच्या हिशेबाने वाढतंय का. भाचीच्या लेकीचं वजन अंगणवाडीतल्या काट्यावर मजेत वाढत होतं. भावाला कागद दाखवला तेव्हा तो गप्प बसला. पटलं असं नाही, पण गप्प बसला.

आता हातांबद्दल.

त्या घरात लेकीला सगळ्यांत चांगली वहिनी शांत करायची. “दे गे हिकडं,” म्हणायची आणि भाचीच्या हातातून उचलायची. एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्या पंजात मान, पोट आपल्या छातीला लागलेलं, बाळाचं तोंड खांद्यावरून मागे. आणि चालायची. ओसरीच्या एका खांबापासून पलीकडच्या जात्यापर्यंत, झपझप, न थांबता. कुणी काही विचारलं तर चालता चालताच उत्तर. मी तेच केलं तर बाळ जास्त रडायचं. मला वाटायचं, आजीचा हात ओळखतं. नंतर कळलं की मी दर चार पावलांनी थांबून तिच्या तोंडाकडे बघत होते.

जपानच्या रिकेन या संस्थेत कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आई बाळाला घेऊन नुसती बसलेली असताना आणि उठून चालू लागल्यावर, यांत बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत काही सेकंदांत फरक पडतो. ठोके मंदावतात, हातपाय झाडणं थांबतं. उंदरीण पिल्लू मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लातही हेच होतं. जंगलात आई पळत असताना गप्प राहणारं पिल्लू वाचतं, त्याची ही जुनी खूण असावी. २०२२ मध्ये त्याच चमूने २१ बाळांवर पुढचा प्रयोग केला. रडणाऱ्या बाळाला घेऊन सपाट जागी, एका गतीने, पाच मिनिटं चाललं की रडणं थांबत होतं, आणि जवळपास निम्मी बाळं झोपतही होती. पण लगेच खाली ठेवलं तर तिसरा हिस्सा बाळं पुन्हा जागी होत. पाठ अंथरुणाला टेकते तेव्हा बाळ जागं होतं असं आपण समजतो. मोजणीत दिसलं की पोट आईच्या अंगापासून सुटायला लागतं तेव्हाच ठोके वाढतात. म्हणून झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं, झोप मुरू द्यायची, मग ठेवायचं.

वहिनीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती चालून झालं की ओसरीच्या कट्ट्यावर बसायची आणि तांदूळ निवडायला मागायची, एका हाताने. तांदूळ निवडून होईपर्यंत पोर मुरलेली असायची.

मॉन्ट्रियलमध्ये हन्झिकर आणि बार या दोघांनी १९८६ साली आणखी एक गोष्ट तपासली. बाळ रडो न रडो, दिवसभरात त्याला जास्तीचं कडेवर, अंगावर वागवायला काही आयांना सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी भरलं, संध्याकाळचं तर ५१ टक्के. हा आकडा वाचून मी हरखले होते. पण बार यांनीच पुढे, आधीच अतिशय रडणाऱ्या बाळांवर हा उपाय करून पाहिला, तेव्हा फारसा फरक पडला नाही. म्हणजे आधीपासून अंगावर वागवलं तर उपयोग. आग लागल्यावर विहीर खणून नाही. कलाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगावर असतात, तासाला अनेकदा पितात. तीही सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त रडतात, पण प्रत्येक रडणं अगदी थोडक्यात आटपतं.

“सारखं घेऊ नका, हाताची सवय लागेल,” हे वाक्य तीन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल कुणी बोललं तर मी आता सरळ विषय बदलते.

झोळीबद्दल एक शब्द. जुन्या नऊवारीची, तुळईला बांधलेली झोळी आमच्याकडे घरोघर असते आणि तिचा हेलकावा चालण्याच्या जातीचाच असतो. पण मऊ कापडात बाळ गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चेपली जाते. तोंड उघडं दिसत राहील, जवळ माणूस असेल, तेवढाच वेळ झोळी. रात्रीची झोप सपाट अंथरुणावर, उताणं. शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून केलेली धुरी मात्र मी बंद करवली. वास मलाही आवडतो, पण तान्ह्या फुप्फुसाला धूर तो धूर. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरं युद्ध तोंडात काय घालायचं यावरून होतं. बाळगुटीचं सामान घराघरात असतं: वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, आणि ती पीळ घातलेली मुरुडशेंग, जी आमच्या रानातच मिळते. शेंगेला पीळ, पोटाला मुरडा, म्हणून ही त्यावर औषध. नावातच सगळं तर्कशास्त्र आलं. सहाणेवर वेढे मोजून उगाळणाऱ्या बाईच्या हाताला एक ऐट असते, ती मला मनापासून आवडते. पण वेढा हे काही माप नव्हे. जायफळाने गुंगी येते आणि आजीचे दोन वेढे नि शेजारणीचे दोन वेढे सारखे नसतात. सहाण आणि पाणी किती स्वच्छ, तो प्रश्न निराळाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. मधाचं बोट तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याचे स्नायू लुळे पडू शकतात.

बाटलीतल्या उपायांची कथा याहून वेगळी नाही. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने काढलं. शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क. बाळं शांत होत, यात नवल ते काय! आज त्यात मद्यार्क नसतो, आणि नेमका गुण काय तेही सिद्ध नाही. वायू फोडणारे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांत नुसत्या गोड पाण्याइतकेच ठरले. पोटाची कळ थांबवणारं डायसायक्लोमिन खरोखर काम करतं, पण श्वास अडकण्याच्या धोक्यामुळे सहा महिन्यांच्या आत ते देत नाहीत. घरात मोठ्या माणसाच्या पोटदुखीची बाटली असते, तिच्यातले दोन थेंब देण्याचा मोह होतो, म्हणून हे नाव लक्षात ठेवावं.

आणि मुंबईची बाळगोळी. गिरण्यांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्याला घरी ठेवताना ही गोळी देत. तिच्यात अफू असे. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतल्या कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं त्यांनी नोंदवलं. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्याकडे ओसरीवर चालायला वहिनी नव्हती.

कारण या दुखण्याचं औषध काही असेल तर ते आळीपाळी. आणि नेमकी तीच चुकीच्या दिवशी संपते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना जपतात. मग अंग चोळणारी बाई यायची थांबते, पाहुणे पांगतात, बाळंतीण स्वयंपाकघरात शिरते. सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. रडणं शिगेला पोचतं बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. सरकारी घड्याळही तसंच बसलंय. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्यानंतरची तिची फेरी एकदम तिसऱ्या महिन्यात. मधले सहा-सात आठवडे, जेव्हा आईचा धीर सुटतो, ते घरच्यांवर सोडलेले. धरणाच्या वसाहतीतल्या किंवा दांडेलीतल्या दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंच असतील, तर ते तिच्या एकटीवर.

अशाच एका संध्याकाळी भाचीने लेक माझ्या मांडीवर जवळपास टाकली आणि पावसात जाऊन पागोळ्यांखाली उभी राहिली. दहा मिनिटांनी भिजून आत आली. वहिनी रागावली, मी नाही. हात शिवशिवायला लागले की बाळाला सुरक्षित ठेवून बाहेर जाणं हेच बरोबर. गदागदा हलवलं तर त्या कोवळ्या मानेवरचं डोकं मागेपुढे आपटतं आणि मेंदूत रक्तस्राव होतो, त्यातून बाळ जातं किंवा जन्माचं अधू होतं. रडून मात्र कुठलं बाळ जात नाही. घरात कुणी नसेल तर उताणं अंथरुणावर ठेवावं, दार लोटावं, तोंडावर पाणी मारावं, मग परत जावं.

रोजच्यापेक्षा वेगळं रडायला लागलं तर आधी कपडे काढून अंग बघावं. पावसाळ्यात कुंचीत मुंगी सापडते. दुपट्याचा सुटा धागा किंवा आईचा केस पायाच्या बोटाला गुंडाळून बोट काळंनिळं पडलेलं असतं. मनगटातला काळा दोरा, कमरेचा करगोटा बाळ भरेल तसा रुततो. जांघेत फुगीर गाठ आहे का पाहावं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध नाकारणं, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन. आमच्याकडे रस्त्यावर झाड आडवं असण्याची शक्यता धरून तो लवकर करावा.

आशाताईच्या या फेऱ्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच शिकवलेल्या बायकांकडून घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं, २०११ पासून देशभर योजना झाली. त्या बायकांना जंतुसंसर्गाच्या ज्या खुणा शिकवल्या होत्या, त्यांतली एक अशी: आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. हातपाय ढिले, चोखणं बंद, अंग गार. म्हणजे संध्याकाळी घर डोक्यावर घेणारी आमची पोर अंगात ताकद आहे म्हणून रडत होती. एरवी रडणारं बाळ दिवेलागणीला निपचित पडून राहिलं असतं, तर त्या रात्री आम्ही खरोखर धावायला हवं होतं. हे मी भाचीला सांगितलं, त्या दिवसापासून तिचं स्वतःचं रडणं कमी झालं. निदान मला तसं वाटलं.

आम्ही केलं ते एवढंच. सहाला टीव्ही बंद, एकच मिणमिणता दिवा, टॉर्चबंदी. वहिनी अर्धा तास, मी अर्धा तास, भाऊ अर्धा तास. भावाला बाळ धरायला शिकवण्यात दोन संध्याकाळी गेल्या, पण तो उंच, त्याची पावलं लांब, त्याच्या खांद्यावर ती सगळ्यांत लवकर झोपू लागली. भाचीला त्या दीड तासात गरम भात आणि झोप. आईला गाणी म्हणायची नेमणूक. ती दृष्टही काढत राहिली. त्याला मी हरकत घेतली नाही, फक्त मोहऱ्या आत न जाळता अंगणातल्या निखाऱ्यावर टाकायच्या एवढं ठरवलं.

नवव्या आठवड्यात रडणं नऊऐवजी आठला थांबू लागलं. भाद्रपदात, गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, निरांजन लागलं आणि आतून काहीच आवाज आला नाही. मी घाबरून आत गेले. जागी होती, भिंतीवरच्या सावलीकडे बघून हुंकार देत होती. बाराव्या आठवड्याला दोन दिवस कमी होते. आई दारातून म्हणाली, काल शनिवारी काढलेली दृष्ट लागू पडली.